अल्फा लहरींना आपण उगाच आळशी ठरवलं

ईईजी, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतली वीज नोंदवण्याची पद्धत, शोधून काढणाऱ्या हान्स बर्गरना खरं तर टेलिपथीचा छडा लावायचा होता. तरुणपणी लष्करात असताना घोड्यावरून पडून ते थोडक्यात वाचले आणि त्याच दिवशी घरून खुशाली विचारणारी तार आली, कारण बहिणीला वाटलं ह्याला काहीतरी झालंय! टेलिपथी राहिली बाजूला, पण १९२४ मध्ये जर्मनीतल्या येना शहरात त्यांनी माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली. डोळे मिटले की सेकंदाला साधारण १० वेळा वरखाली होणारी लाट दिसायची, डोळे उघडले किंवा तोंडी गणित घातलं की ती ओसरायची. हीच अल्फा.

मग बरीच वर्षं सगळे धरून चालले की अल्फा म्हणजे मेंदू रिकामा बसलाय. पण तसं असेल तर अक्षरांची यादी मनात धरून ठेवताना अल्फा कमी व्हायला हवी ना, ती उलट वाढते, आणि यादी जितकी लांब तितकी जास्त. अजून एक गंमत, नजर समोर ठेवून लक्ष फक्त डावीकडे द्यायला सांगितलं की डावीकडचं बघणारा जो मेंदूचा उजवा मागचा भाग, तिथे अल्फा कमी होते आणि नको असलेली उजवी बाजू बघणाऱ्या डाव्या भागात चढते. म्हणजे बाई जशा अर्ध्या वर्गाला गप्प करतात म्हणजे उरलेल्यांचं ऐकू येईल, तसलं काम. लक्ष देणं म्हणजे बरंचसं बाकीचं दाबणं, असं माझं तरी मत झालंय.

आठवणींसाठी हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी सांभाळणाऱ्या भागात, थीटा नावाची लाट चालते, सेकंदाला ४ ते ८ वेळा, आणि तिच्या एकेका लाटेत गॅमा नावाच्या जास्त वेगवान, बारीक अशा मोजक्याच लाटा बसतात. लिसमन आणि इडियार्ट या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलं की एका गॅमा लाटेत एक गोष्ट, म्हणून आपल्याला एका वेळी सातेकच लक्षात राहतात. भारी कल्पना आहे, पण थिअरीच.

गाढ झोपेत तर सेकंदाला एकापेक्षाही कमी अशा संथ लाटा असतात. २०१३ मध्ये जर्मनीत झोपलेल्या लोकांना ह्या लाटेच्या चढावर नेमका हलका आवाज ऐकवला, तर आदल्या रात्री पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी जास्त आठवल्या, आणि तोच आवाज भलत्या वेळी दिला तर काही फायदा नाही. आता यूट्यूबवरच्या आठ तासांच्या ‘मेमरी बूस्ट’ म्युझिकला तुमची लाट कुठे पोचलीये हे कळणार कुठून?