आहारतंतू व रक्तातील कोलेस्टेरॉल

वनस्पतिजन्य अन्नाचा जो भाग माणसाच्या पाचक रसांनी विघटित होत नाही व लहान आतड्यात न शोषला जाता मोठ्या आतड्यात पोहोचतो, त्याला आहारतंतू म्हणतात. बोलीभाषेत यालाच चोथा म्हणतात. पण या शब्दाने डोळ्यांपुढे येणारा कोंडा, साली व शिरा हा त्याचा एकच भाग होय. कोलेस्टेरॉलवर परिणाम करणारा भाग बहुधा पाण्यात विरघळणारा असतो आणि ताटात वेगळा दिसतही नाही.

ही संज्ञा ई. एच. हिप्सली यांनी १९५३ मध्ये प्रथम वापरली असे सामान्यतः मानले जाते; तिला आजचा अर्थ मात्र मुख्यतः ह्यू ट्रॉवेल यांच्या १९७२ मधील व्याख्येने मिळाला. युगांडात दीर्घकाळ वैद्यकी केलेल्या ट्रॉवेल यांनी तेथील लोकांत हृद्‌रोहिणीविकार (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा विकार) विरळा आढळण्याचा संबंध तंतुयुक्त आहाराशी जोडला होता. त्यापूर्वीच्या अन्नकोष्टकांत ‘अशुद्ध तंतू’ असा आकडा असे. नमुना आधी विरल आम्लात व नंतर विरल अल्कलीत उकळून जो अवशेष उरे, त्याचे हे मापन असल्याने पेक्टिन (फळांतील जेलीसारखा घट्टपणा आणणारा पदार्थ), डिंक यांसारखे विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे, तंतू त्यात जवळजवळ धरलेच जात नसत. म्हणून जुनी कोष्टके नव्या आकड्यांशी ताडून पाहणे योग्य नव्हे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाच्या २००९ च्या व्याख्येनेही वाद पुरता मिटला नाही, कारण ३ ते ९ शर्करा-एककांच्या लघुशृंखला तंतूंत धराव्यात की नाही, हे तिने देशोदेशींच्या यंत्रणांवर सोपवले.

विद्राव्य तंतूंनी कोलेस्टेरॉल का उतरते, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मताचा आधार पित्ताम्लांचे अभिसरण हा आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. आतड्यात उतरलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा यकृताकडे परततात. अळीव भिजत घातल्यावर प्रत्येक दाण्याभोवती जसा बुळबुळीत थर धरतो, तसा विद्राव्य तंतूंचा श्लेष्मल (बुळबुळीत) पदार्थ आतड्यात पसरला, की पित्ताम्ले त्यात अडकून विष्ठेवाटे अधिक प्रमाणात बाहेर पडतात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावरील एलडीएल-ग्राही (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण पकडणारी प्रथिने) वाढवून रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेतात. दुसऱ्या मतानुसार मोठ्या आतड्यातील जंतू तंतू आंबवतात व त्यातून निघणारे प्रोपिओनेट हे लघुशृंखली मेदाम्ल यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखते. याचे पुरावे मुख्यतः प्राण्यांवरील व पेशींवरील प्रयोगांतले आहेत. शिवाय इसबगोलाचा भुसा फारच थोडा आंबत असूनही एलडीएल कमी करतो. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

अँसेल कीज व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये रोज १५ ग्रॅम पेक्टिन देऊन कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्क्यांनी उतरल्याचे नोंदवले. सेल्युलोज या अविद्राव्य तंतूने तसा परिणाम दिसला नाही. भारतातील उल्लेखनीय काम आग्रा येथील माथुर, खान व शर्मा यांचे (१९६८). स्निग्धांश भरपूर असलेल्या आहारात तृणधान्याऐवजी हरभरा दिल्यावर ५५ आठवड्यांत सरासरी कोलेस्टेरॉल १०० मिलिलिटरमागे २०६ वरून १६० मिलिग्रॅमवर आले, आणि विष्ठेतील पित्ताम्लेही वाढली. हरभऱ्यात कोलेस्टेरॉल उतरवू शकणारी सॅपोनिने व वनस्पतिस्टेरॉले ही अन्य द्रव्येही असल्याने हे सारे श्रेय तंतूंना देता येत नाही. १९९९ मध्ये ६७ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात विद्राव्य तंतूंच्या प्रत्येक ग्रॅममागे एलडीएलमध्ये डेसिलिटरला सुमारे २ मिलिग्रॅम घट आढळली. ती अल्पच म्हणावी लागेल. ओटमधील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू व इसबगोल यांबाबतचे आरोग्यविषयक दावे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अनुक्रमे १९९७ व १९९८ मध्ये मान्य केले. प्रक्रियेत बीटा-ग्लुकनाच्या लांब शृंखला तुटल्यास त्याची चिकटता व त्याबरोबर परिणामही घटतो.

हृदयविकाराबाबतचा पुरावा प्रामुख्याने निरीक्षणात्मक आहे. २००४ च्या एका एकत्रित अभ्यासात रोजच्या १० ग्रॅम अधिक तंतूंमागे हृद्‌रोहिणी-घटनांचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसले. गंमत अशी की, तृणधान्यांतील बहुतांशी अविद्राव्य तंतूंचाही असा संबंध अनेक अभ्यासांत आढळतो, जो केवळ कोलेस्टेरॉलने उलगडत नाही. तंतू भरपूर खाणारे लोक एरवीही प्रकृतीला जपणारे असतात, ही शंका येथे रास्त ठरते. उलट वेल्समध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांवरील, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तृणधान्यतंतू वाढवण्याचा सल्ला दिलेल्या गटात दोन वर्षांत मृत्यू कमी झाले नाहीत.