ओढ्याकाठचा पाय उगारणारा बेडूक

ओढ्यातल्या दगडावर बसलेला इवलासा बेडूक मागचा पाय ताणतो, असा व्हिडिओ अधूनमधून मोबाइलवर फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'पाऊस झाला म्हणून आनंदानं नाचतोय!' आनंदाचा इथे संबंध नाही. तो नर शेजारच्या नराला दटावतोय : ही जागा माझी आहे.

हा मायक्रिक्सालस, बेडकांचा एक वंश. लांबी 13 ते 35 मिलिमीटर, वास्तव्य फक्त पश्चिम घाटातल्या जंगलांमधल्या ओढ्यांत.

बेडूक एरवी आवाजावर भागवतात. डबक्याकाठी ते जमतं. ओढ्यात मात्र दगडांवर आपटणाऱ्या पाण्याचा खळखळाट अखंड चालू असतो. त्याची बरीचशी ऊर्जा कमी वारंवारितेत असते, तरी तो वरच्या पट्ट्यांतही पसरतो. उलट बेडकाच्या आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झालं की ती चौथाईवर येते. ओरडून ओरडून एवढासा जीव किती ओरडणार? प्रकाशाला मात्र खळखळाटाची बाधा होत नाही. नर ओरडतो तेव्हा त्याची पांढरी स्वरपिशवी फुगते. मग तो मागचा एक पाय उचलून बाजूला ताणतो, बोटं फाकवून त्यांमधला पडदा दाखवतो आणि पाय पुन्हा अंगाशी घेतो. बेडकाच्या डोळ्याला हालचाल चटकन टिपता येते, त्यामुळे निरोप पोचतो. बोर्निओतला स्टॉरॉइस आणि ब्राझीलमधला हायलोडीस हेही असाच पाय उगारतात. या तिघांची कुळं वेगळी, ओढ्याचा गोंगाट मात्र सारखाच. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

वर्गीकरणाची गोष्ट किचकट आहे. मायक्रिक्सालिडी या कुळात हा एकच वंश. यातल्या जाती दिसायला इतक्या सारख्या, की नुसत्या रंगावरून ओळखू गेलं तर फसगत ठरलेली. बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी शरीररचनेला डीएनएची जोड दिली आणि 2014 मध्ये एकदम 14 नव्या जातींचं वर्णन केलं. ज्ञात जातींची संख्या 24 झाली.

पावसासाठी बेडकांची लग्नं लावणाऱ्यांनी या बेडकाची खरी वीण पाहावी. पावसाळ्यानंतर ओढ्याचा जोर ओसरला की मादी पाण्याखाली तळात खळगा करून अंडी घालते आणि ती झाकून टाकते. यातल्या एका जातीची पिल्लं वाळूतच राहतात, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. शरीर ईल माशासारखं लांबट, डोळ्यांवर कातडीचं आवरण, शिवाय बेडकांत सहसा न आढळणाऱ्या बरगड्या. ओढा अवेळी आटला किंवा तळाची वाळू उपसली, तर दगडावरचा नर उडी मारून निसटेल, वाळूतल्या पिल्लांना पळायला जागाच नसते.