टांगत्या कपाटांची भिंतीतील पकड

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर लावलेल्या कपाटांना जमिनीचा आधार नसतो. कपाटाचे आणि आतल्या सामानाचे सगळे वजन मोजक्या स्क्रूंमधून भिंतीत उतरते. ते पेलण्यासाठी भिंतीत गिट्टी (स्क्रू आत शिरताना फुगणारी नायलॉनची नळी), डॅश फास्टनर (कसताना फुगून अडकणारा पोलादी बोल्ट) किंवा रासायनिक अँकर (भोकात भरलेल्या राळेने चिकटणारी दांडी) बसवतात आणि त्यात स्क्रू किंवा बोल्ट कसतात. यांपैकी काय, केव्हा आणि किती मापाचे घ्यावे हा या नोंदीचा विषय आहे. नागपुरात हा प्रश्न अधिक काळजीने पाहावा लागतो, कारण या एकाच शहरात पाच-सहा जातींच्या भिंती आहेत आणि प्रत्येकीची पकड वेगळी. आधी स्क्रू विकत घ्यायचे, मग त्यांना बसतील अशा गिट्ट्या आणि भिंतीचा विचार अगदी शेवटी, अशी रीत सर्रास दिसते. योग्य क्रम नेमका उलटा आहे.

सुरुवात वजनापासून करावी. १८ मिमी जाडीच्या जलरोधक प्लायचा आठ बाय चारचा ताव साधारण ३५ ते ३८ किलो भरतो. तीन फूट रुंद, जवळपास अडीच फूट उंच आणि एक फूट खोल अशा दोन दारांच्या कपाटाला असा दोन-तृतीयांश ताव लागतो. पाठीचा पातळ प्लाय, लॅमिनेट आणि बिजागऱ्या धरल्या की रिकामे कपाटच ३० किलोच्या आसपास जाते. त्यात विदर्भातल्या घरातले सामान भरून पाहा: दहा लिटरच्या एका स्टीलच्या डब्यात गहू साडेसात-आठ किलो मावतात, शेजारी तांदूळ आणि तुरीची डाळ, वरच्या खणात लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आणि तेलाचा डबा. पन्नास किलो सहज होतात. म्हणजे एका कपाटामागे ८० किलो धरून चालावे.

हे वजन स्क्रूवर दोन तऱ्हांनी काम करते. एक बल त्याला सरळ खाली दाबते, दुसरे त्याला भिंतीतून बाहेर ओढते. खाली दाबणाऱ्या बलाला चांगला पोलादी स्क्रू सहसा दाद देत नाही. कपाटे पडतात ती बहुतेक वेळा दुसऱ्या बलाने, आणि तेही भिंत सैल पडल्यामुळे. ही ओढ किती, याचा हिशेब सोपा आहे. एकूण वजनाला कपाटाच्या निम्म्या खोलीने गुणावे आणि कपाटाच्या खालच्या कडेपासून वरच्या स्क्रूपर्यंतच्या उंचीने भागावे. वरच्या उदाहरणात ८० किलो, १६० मिमी आणि ६५० मिमी घेतले, तर सगळ्या वरच्या स्क्रूंवर मिळून २० किलोच्या आसपास ओढ येते. तेच ८० किलो ४५० मिमी उंच आणि ६०० मिमी खोल लॉफ्टच्या कपाटात ठेवले, तर उंची ४०० मिमी धरून ओढ ६० किलोवर जाते. वजन तेच, ओढ तिप्पट! छताजवळची ही बुटकी आणि खोल कपाटेच सर्वांत धोक्याची असतात, आणि क्वचित लागणारी पितळेची जड भांडी घरोघरी नेमकी तिथेच जातात. हिशेबाने निघालेल्या ओढीच्या किमान चौपट क्षमता पकडीत असावी. डबा काढताना कपाटाला बसणारे हिसके आणि दाराला लटकणारी मुले या हिशेबात नसतात.

भिंत कोणती, हे ड्रिलमधून पडणारी धूळ सांगते. कपाटामागे झाकल्या जाणाऱ्या जागी एक भोक पाडून पाहावे. आधी प्लास्टरची राखाडी पूड येते. त्यानंतर लाल भुकटी आली तर भाजलेली वीट, पुन्हा राखाडीच आली आणि ड्रिल बऱ्यापैकी चालले तर राखेची, म्हणजे कोळशाच्या राखेपासून बनवलेली वीट, पांढरी मऊ पूड भसाभस आली तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या काँक्रीटचा ठोकळा, आणि बारीक पिठासारखी धूळ येऊन ड्रिल जवळजवळ अडले तर काँक्रीट.

महाल आणि इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात, पण त्यांतल्या विटा चुन्यात किंवा मातीत बसवलेल्या. जाडी पाहून विश्वास वाटतो, तरी सांध्यातला चुना भुसभुशीत झालेला असतो आणि गिट्टी त्यात फुगते खरी, धरत नाही. इथे भोक विटेच्या मध्यावर घ्यावे, सांध्यात कधीही नाही. जाळीच्या नळीत राळ भरून बसवलेला रासायनिक अँकर अशा भिंतीला सर्वांत मानवतो, कारण तो भिंतीला आतून ताणत नाही. भार पसरवायला कपाटामागे सागवानाची आडवी पट्टी लावून ती पाच-सहा जागी कसणेही चांगले.

धरमपेठ-रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्यांत नऊ इंची लाल विटेची भिंत मिळते. ती सिमेंटमध्ये पक्की बांधलेली असेल तर नायलॉनच्या साध्या गिट्टीचे काम चोख होते. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे आहेत. वीज केंद्रांच्या आसपास बांधकामात राख वापरण्याची सक्ती करणारी केंद्र सरकारची अधिसूचना १९९९ मध्ये निघाली, आणि या भागात राखेच्या विटांचा वापर वाढला. ही वीट एकसारखी आणि घट्ट असते, भोक स्वच्छ पडते. मात्र काठाजवळ गिट्टी फुगवली तर तिचा टवका उडतो. चार इंची भिंतीत आणखी एक अडचण: भोक खोल गेले की पलीकडच्या खोलीत प्लास्टरचा पापुद्रा सुटतो. पलीकडे न्हाणीघर असेल तर तिथल्या जलरोधक थरालाही धक्का लागतो.

वर्धा रोड, बेसा, मनीषनगर या बाजूच्या नव्या इमारतींत सिपोरेक्स ठोकळे आणि मिवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीट भिंती भेटतात. मिवानमध्ये भोक पाडायला कष्ट पडतात, पण पकड उत्तम मिळते. सळई लागली तर भोक बाजूला सरकवावे. सिपोरेक्सची गोष्ट वेगळी. हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला हा ठोकळा हलका असतो आणि तितकाच नाजूकही. त्यात हॅमर ड्रिल चालवले की भोक मोठे आणि वाकडेतिकडे होते, म्हणून हॅमर बंद ठेवून फक्त फिरत्या ड्रिलने काम करावे. डॅश फास्टनर इथे पूर्ण वर्ज्य: तो फुगताना ठोकळ्याला आतून चिरडतो आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला बोल्ट महिन्याभरात हलू लागतो. सिपोरेक्ससाठीच बनवलेली, रुंद कडांची लांब गिट्टी किंवा रासायनिक अँकर वापरावा. ठोकळा चारच इंची असेल आणि कपाट जड असेल, तर बोल्ट आरपार नेऊन पलीकडे लोखंडी पट्टी लावणे हाच खात्रीचा मार्ग. पलीकडच्या भिंतीवर दिसणारी पट्टी कुणालाच आवडत नाही, पण खाली उभे राहून स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या डोक्यापेक्षा ती मोलाची नाही. जिप्सम बोर्डच्या आडभिंतीवर, आतल्या सांगाड्याला आधार जोडल्याशिवाय, जड कपाट लावूच नये.

भिंतीत आधाराची नळी बसवून तिच्यात स्क्रू कसण्याची कल्पना लंडनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. तागाच्या धाग्यांची ती नळी होती. रावल प्लग हे नाव तिथूनच आले. जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये नायलॉनची फुगणारी गिट्टी काढली आणि आजच्या बहुतेक गिट्ट्या त्याच घडणीच्या आहेत. त्याआधी आपल्याकडे लाकडाची गुट्टी ठोकत आणि काही सुतार अजूनही ठोकतात. नागपूरच्या हवेत ती टिकत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर गेला की ते सुकून आक्रसते आणि गुट्टी भोकात खुळखुळते.

लोहाओळीत किंवा इतवारीच्या हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू मागताना लांबी मिमीमध्ये आणि जाडी नंबरात सांगतात. १० नंबर म्हणजे सुमारे ४.८ मिमी, १२ नंबर सुमारे ५.५ मिमी, १४ नंबर सुमारे ६.२ मिमी. ८ मिमीच्या गिट्टीत १० किंवा १२ नंबर, १० मिमीच्या गिट्टीत १४ नंबर किंवा त्याहून जाड स्क्रू चालतो. बारीक स्क्रू घातला तर गिट्टी पुरती फुगत नाही. ओट्यावरच्या भरलेल्या कपाटाला १० मिमीपेक्षा लहान गिट्टी घेऊ नये. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू स्वस्त आणि टोकदार म्हणून सुतार त्यांनाच हात घालतात, पण ते ठिसूळ असतात, वाकण्याऐवजी मोडतात आणि मोडण्याआधी कसलीही सूचना देत नाहीत. सिंकजवळ आणि शेगडीच्या वाफेत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत.

सर्वाधिक चुका लांबीत होतात. प्लास्टर आणि टाइल भार पेलत नाहीत; गिट्टी त्यांच्या मागे, विटेत पूर्ण बसली पाहिजे. हिशेब असा मांडावा: कपाटाची मागची पट्टी १८ मिमी, टाइल आणि तिच्यामागचा मसाला २० मिमी, प्लास्टर १२ ते १५ मिमी, आणि विटेत ५० मिमीची गिट्टी. बेरीज १०० मिमीवर जाते. ७५ मिमीचा स्क्रू इथे गिट्टीच्या निम्म्यापर्यंतच पोहोचतो. भोक गिट्टीपेक्षा १० मिमी जास्त खोल पाडावे आणि धूळ फुंकून काढावी. टाइलमध्ये आधी काचेला भोक पाडायचा बिट वापरून हॅमरशिवाय भोक घ्यावे, टाइल पार झाल्यावरच भिंतीचा बिट लावावा. स्क्रू कपाटाच्या पातळ पाठीतून न घेता वरच्या जाड पट्टीतून, वॉशर लावून घ्यावा. भिंतीवर पोलादी रूळ कसून त्यावर ब्रॅकेटने कपाट अडकवण्याची पद्धत याहून चांगली, कारण भोके विटेच्या मध्यावर येतील तिथे घेता येतात आणि कपाट पातळीत आणणेही सोपे जाते.

रासायनिक अँकरमध्ये भोक ब्रशने घासून स्वच्छ करणे हे अर्धे काम आहे. धूळ राहिली तर राळ भिंतीला न चिकटता धुळीला चिकटते. मे महिन्यात नागपुरात ही राळ काही मिनिटांत आळते, म्हणून नळकांडे सावलीत ठेवावे, काम सकाळी लवकर उरकावे आणि पूर्ण घट्ट होईपर्यंत, वेष्टनावर लिहिलेला वेळ पाळून, भार टाकू नये.

स्विचबोर्ड आणि नळांच्या वर-खाली सरळ रेषेत एकही भोक घेऊ नये. तारा आणि पाइप तिथूनच जातात. काळ्या मातीवर उभ्या घरांत पाया हलल्याने भिंतींना तिरक्या भेगा पडतात. अशा भेगेजवळही भोक नको.

स्क्रू कसताना गिट्टी भोकात फिरू लागली, तर ती पकड गेली असे समजावे. तिच्यात आगकाडी, तारेचा तुकडा किंवा सिमेंट कोंबून स्क्रू घट्ट केल्याचा भास होतो आणि गवंडी-सुतारांपैकी अनेक जण तेवढ्यावर काम पुढे नेतात. घरमालकाने तिथेच थांबवावे. त्याच भोकात मोठ्या मापाची गिट्टी किंवा रासायनिक अँकर बसवावा, नाहीतर भोक विटेच्या भक्कम भागात किमान दोन-तीन इंच दूर नव्याने पाडावे. जुने भोक कपाटामागे झाकले जाते.