सम्राटाच्या अंगणातले खडे

मोझेक म्हटलं की आपल्याला जुन्या इमारतींतली, सिमेंटात संगमरवराची खडी मिसळून ओतलेली फरशी आठवते. इस्तंबूलमध्ये सुलतानअहमद मशिदीजवळ, अरास्ता बाजाराला लागून असलेल्या छोट्याशा संग्रहालयातलं मोझेक वेगळं आहे. इथला प्रत्येक खडा कुणीतरी हाताने बसवला आहे.

खड्याची बाजू साधारण 5 मिलिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरला 40,000 खडे. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटांच्या महालातलं हे अंगण; त्याभोवतीच्या ओसरीची नक्षी मुळात 1,872 चौरस मीटर होती. गुणाकार करून पाहा, साडेसात कोटींच्या घरात जातो! त्यातलं साधारण 250 चौरस मीटर आज उरलं आहे. तेवढ्यात हत्ती सिंहाशी झुंजतोय, गरुडाने सापाला धरलंय, एक मुलगा गाढवाला चारा देतोय. चुनखडीचे खडे स्वतःच्याच रंगाचे, म्हणून ते विटत नाहीत. निसर्गात सहज न मिळणारे निळे-हिरवे रंग काचेच्या खड्यांतून आणले आहेत. मागची पांढरी जमीनसुद्धा माशाच्या खवल्यांसारखी वळणं घेत भरली आहे.

मला मात्र चित्रांइतकंच त्यांच्या खालचं काम मोलाचं वाटतं. अशा फरशीखाली आधी दगडांची भरणी, वर चुन्याचे थर आणि शेवटी खडे रोवायला मऊ गिलावा असे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. त्यात भाजलेल्या विटांची भुकटी घातली, तर तिच्यातली सिलिका चुन्याशी जुळते आणि थर ओलाव्यालाही दाद देत नाही. आपल्या वाड्यांच्या बांधकामात चुन्यात सुरखी, म्हणजे हीच विटांची भुकटी घालत, ती याच कारणासाठी. किल्ल्यांवर चुन्याची घाणी पाहिली असेल, तर हे काम किती मेहनतीचं होतं ते वेगळं सांगायला नको.

ही नक्षी इसवी सनाच्या 5व्या-6व्या शतकातली मानतात. काळ ठरवायला भरणीत सापडलेली खापरं कामी येतात: खालचं खापर ज्या काळातलं, त्याहून वरची फरशी जुनी असू शकत नाही.

पुढे कधीतरी या चित्रांवर संगमरवरी लाद्या बसवल्या गेल्या. चित्रं झाकली गेली आणि त्यामुळेच पावलांच्या झिजेपासून वाचली. 1935मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने इथे उत्खनन सुरू केलं, तेव्हा गाढवासमोरचा तो मुलगा पुन्हा उजेडात आला.