बीकन आणि सेशन: आज्ञा पाठवली जाते की उचलली जाते?

लेखी परवानगीने झालेल्या सुरक्षा चाचण्यांच्या अहवालांत ‘सर्व्हरने बीकनला आज्ञा पाठवली’ असे वाक्य आले की मी पेन्सिल हातात घेतो, कारण बीकनला, म्हणजे चाचणीसाठी लक्ष्य संगणकावर बसवलेल्या आणि अधूनमधूनच संपर्क साधणाऱ्या एजंटला (छोट्या प्रोग्रामला), चाचणी करणाऱ्याचा सर्व्हर स्वतःहून काही पाठवूच शकत नाही.

ज्याने एसएसएच (दूरच्या संगणकावर आज्ञा चालवण्याची सुरक्षित जोडणी) वापरले आहे त्याला सेशन वेगळे समजावण्याची गरज नाही: जोडणी उघडी राहते, आज्ञा टंकली की ती लगेच पलीकडे पोचते आणि उत्तर परत येते. बीकन मात्र बहुतेक काळ झोपलेला असतो. ठरावीक अंतराने तो जागा होतो, सर्व्हरकडे ‘माझ्यासाठी काही काम आहे का’ अशी विचारणा करतो, असेल ते उचलतो, तयार असलेले निकाल सुपूर्द करतो आणि पुन्हा झोपतो. त्यामुळे चाचणी करणाऱ्याने दिलेली आज्ञा सर्व्हरवरच्या रांगेत पडून राहते. ती दिल्याची वेळ आणि ती लक्ष्य संगणकावर चालल्याची वेळ या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि बचाव करणारा चमू आपल्या लॉगशी अहवाल ताडून पाहतो तेव्हा त्याला चालल्याची वेळच हवी असते. झोपेचे अंतर एका तासाचे असेल, तर या दोन नोंदींत जवळजवळ तासाभराची तफावत पडू शकते.

जोडणीची दिशा पाहून हा फरक ओळखता येतो, असे सांगणारे काही कमी नाहीत. तो समज चुकीचा आहे. फायरवॉल आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीला सहसा कमी अडवते, म्हणून दोन्ही प्रकारांत बहुधा एजंटच बाहेर हाक मारतो. प्रोटोकॉलवरूनही काही ठरत नाही, कारण एचटीटीपीएसवर दोन्ही चालतात.

गोंधळाला साधनांचाही हातभार आहे. कोबाल्ट स्ट्राइक या चाचणीच्या साधनात स्लीप (झोपेचे अंतर) शून्य केली की बीकन सेकंदाला अनेकदा विचारणा करू लागतो आणि त्यालाच ‘इंटरॲक्टिव्ह’ म्हटले जाते. भास सेशनचा होत असला, तरी रांगेतून काम उचलण्याची रीत तीच राहते. स्लिव्हर या दुसऱ्या साधनाने बीकन आणि सेशन ही दोन नावे सरळ वेगळी ठेवली आहेत, आणि बीकनवर असताना सेशन हवे असेल तर ते स्वतंत्रपणे उघडावे लागते. मला हीच मांडणी अधिक प्रामाणिक वाटते.

जिटरविषयी (झोपेच्या अंतरात मुद्दाम आणलेल्या अनियमिततेविषयी) थोडक्यात: ‘वीस टक्के’ म्हणजे दोन्ही बाजूंना वीस टक्के, असे गृहीत धरू नये. कोबाल्ट स्ट्राइकमध्ये ३०० सेकंदांच्या झोपेला २० टक्के जिटर दिला, तर प्रत्यक्ष अंतर २४० ते ३०० सेकंदांच्या दरम्यान राहते.

चाचणीची मुदत सायंकाळी सहाला संपत असेल आणि ‘बंद हो’ ही आज्ञा सहाला पाच कमी असताना रांगेत टाकली, तर दीर्घ झोपेतला बीकन बहुधा मुदतीनंतरच जागा होईल आणि त्या वेळी सर्व्हर बंद केलेला असेल, तर ती आज्ञा त्याला कधीच मिळणार नाही. म्हणून शेवटच्या दिवशी झोपेचे अंतर आधीच कमी करावे, आणि एजंट तयार करतानाच त्यात किल डेट (एजंटने आपोआप बंद होण्याची तारीख) घालून ठेवावी, कारण ती पाळण्यासाठी त्याला सर्व्हरला काहीही विचारावे लागत नाही.