सरळ बैठक (श्वानप्रशिक्षण)

सरळ बैठक : हँडलरच्या (कुत्र्याला हाताळणाऱ्या माणसाच्या) डाव्या पायाशी, त्याच्याच दिशेला तोंड करून आणि पाठीचा कणा त्याच्या चालण्याच्या रेषेला समांतर ठेवून कुत्र्याने बसणे. पायाशी चालण्याला ‘हील’ हाच शब्द भारतभर रूढ आहे. हीलमध्ये चालताना हँडलर थांबला की हुकमाची वाट न पाहता कुत्र्याने असे बसावे, अशी आज्ञापालनाच्या स्पर्धांत अपेक्षा असते. कुत्रा बसला, पण त्याचे पुठ्ठे (मागचा भाग) डावीकडे बाहेर सरकले आणि तोंड हँडलरच्या गुडघ्यासमोर आले, तर ती बैठक वाकडी. नुसते बसणे पिल्लू एका दुपारी शिकते. सरळ बसणे मात्र अनेक कुत्र्यांना वर्षभरातही जमत नाही, आणि त्यात दोष बहुधा कुत्र्याचा नसतो.

अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांत हीलची जागा नेमकी ठरवून दिली आहे : कुत्र्याचा डोक्यापासून खांद्यापर्यंतचा भाग हँडलरच्या डाव्या कमरेच्या सरळीत हवा, अंग हँडलरच्या तोंडाच्या दिशेने सरळ हवे आणि कुत्रा जवळ असूनही हँडलरच्या हालचालीला अडथळा होता कामा नये. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या कामगार कुत्र्यांच्या स्पर्धांत खूण थोडी खाली येते. तिथे कुत्र्याचा उजवा खांदा हँडलरच्या गुडघ्याशी असावा लागतो. अमेरिकी परीक्षांत २०० पैकी १७० गुण उत्तीर्ण होण्यास लागतात, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक. वाकड्या बैठकीने कोणी एका फटक्यात बाद होत नाही. पण एका फेरीत हँडलर बरेचदा थांबतो आणि दर थांब्याला अर्धा-एक गुण गळत राहतो. अशा परीक्षांची तिथली सुरुवात हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी १९३३ मध्ये न्यूयॉर्कजवळ माउंट किस्को येथे केली. त्यांच्या पूडल कुत्र्यांना लोक शोभेची बाहुली समजत, ते त्यांना खोटे ठरवायचे होते. १९३६ पासून क्लबने या परीक्षा आपल्या नियमांखाली घेतल्या. डावी बाजूच का, याचे उत्तर शिकार आणि लष्कराकडे बोट दाखवून दिले जाते : उजवा हात बंदुकीसाठी मोकळा.

बैठक वाकडी का होते

कुत्र्याचे अंग पुढून वळले की मागून उलट बाजूला जाते. सगळा प्रकार यातच आला. डाव्या पायाशी असलेल्या कुत्र्याने हँडलरच्या तोंडाकडे पाहण्यासाठी मान उजवीकडे वळवली, की पुठ्ठे डावीकडे जातात. आणि तोंडाकडे पाहावे असे तर आपणच त्याला शिकवलेले असते. त्यात खाऊ उजव्या हातात असला आणि तो हात पोटावरून आडवा येऊन कुत्र्याच्या तोंडाशी गेला, तर कुत्रा खाऊच्या मागे वळून थेट समोर येतो. शिकाऊ हँडलरांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. पट्टा उजव्या हातात ताणून धरला तरी परिणाम तोच : मान आत ओढली जाते आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो.

दुसरे कारण हँडलरचे खांदे. कुत्रा नीट बसला का हे पाहायला हँडलर डावीकडे वाकतो, डावा खांदा मागे जातो, आणि छातीची दिशा बदलली म्हणून कुत्राही आपली दिशा बदलतो. त्याच्या लेखी छाती जिकडे तिकडे पुढे. त्यामुळे कुत्र्याकडे न वाकता भिंतीवरचा आरसा, खिडकीची काच किंवा टेकवून ठेवलेल्या मोबाइलचा कॅमेरा यांतून तपासणे बरे.

तिसरे कारण बसण्याच्या पद्धतीत आहे. काही कुत्रे पुढचे पाय जागीच ठेवून मागचे पाय पुढे आणून बसतात, तर काही वजन मागे टाकून, पुढचे पाय मागे घेत. पहिल्या प्रकारात कुत्रा थांबला त्याच जागी बसतो. दुसऱ्यात तो अर्धे अंग मागे जाऊन बसतो, मग जवळ यायला सरकतो आणि सरकताना तिरका होतो. खाऊ डोक्यावरून मागे नेऊन बसायला शिकवले की हा दुसरा प्रकार अंगवळणी पडतो. पिल्लाला असेच शिकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. नुसत्या बैठकीपुरता तो वाईट नाही, पण पुढे हील शिकवायची असेल तर महागात पडतो.

मागच्या पायांचे शिक्षण

कुत्र्याला आपले पुढचे पाय कुठे आहेत ते ठाऊक असते; मागचे पाय मात्र नुसते मागोमाग येतात. ते स्वतंत्रपणे हलवता येतात हेच त्याला आधी शिकवावे लागते. त्यासाठी परदेशी दुकानांत खास चौथरे मिळतात, पण मराठी घरात जेवणाचा लाकडी पाट असतोच. मजबूत, न डगमगणारा पाट घेऊन त्यावर गोणपाट बांधावे, म्हणजे पाय घसरत नाहीत. कुत्र्याने फक्त पुढचे दोन पाय पाटावर ठेवायचे, मागचे जमिनीवर. तेवढे जमले की हँडलर त्याच्या उजव्या अंगाला उभा राहतो आणि डावीकडे वळत पाटाभोवती छोटी पावले टाकतो. कुत्र्याचे पुढचे पाय पाटावरच असल्यामुळे हँडलरजवळ राहायचे तर त्याला मागचे पाय उजवीकडे, हँडलरच्या दिशेने टाकावे लागतात, आणि तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, मात्र उलट दिशेने. सुरुवातीला एक पाऊल पडले तरी बक्षीस. काही दिवसांनी हँडलर जरासा वळताच कुत्रा स्वतःहून पुठ्ठे आत घेतो. ही हालचाल पक्की झाली की पाट काढला तरी ती टिकते, आणि सरळ बैठकीचे बहुतेक काम झालेले असते.

पाटावर पुढचे पाय असतानाच बसायला सांगितले तर आणखी एक फायदा होतो. पुढचे पाय मागे घेता येत नसल्यामुळे मागचे पुढे येतात, आणि जागच्या जागी बसण्याची सवय लागते.

खाऊ कुठे द्यायचा यावर बैठकीचा आकार ठरतो. डाव्या हातात धरून, विजारीच्या डाव्या शिवणीशी, आणि कुत्र्याच्या तोंडापासून किंचित बाहेरच्या, म्हणजे डाव्या बाजूला. त्यामुळे मान जराशी बाहेर वळते आणि पुठ्ठे आपोआप आत येतात. पुठ्ठ्यांना हात लावायची गरजच पडत नाही. तुकडा वाटाण्याएवढा पुरे. उकडलेले चिकन, शाकाहारी घरात पनीर. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात घरोघरी गजक ही तीळ-गुळाची मिठाई असते आणि कुत्रेही त्यावर टपलेले असतात, पण इतके गोड त्यांना देऊ नये; बेदाणे आणि मनुका तर कुत्र्याला विषारीच.

कुत्रा वाकडा बसला तर काय करावे, यावर मतभेद आहेत. ‘सरळ हो’ म्हणून त्याला सरकवायचे आणि मग बक्षीस द्यायचे, ही पद्धत लोकप्रिय आहे. ती टाळावी. कुत्रा त्यातून वाकडे बसणे, मग सरकणे, मग खाऊ अशी अख्खी साखळी शिकतो आणि स्पर्धेत इमानाने तीच करून दाखवतो. त्यापेक्षा काही न बोलता एक-दोन पावले पुढे जावे, पुन्हा थांबावे आणि सरळ बसला तरच द्यावे. थांबण्यापूर्वी पावले थोडी आखूड करावीत, म्हणजे कुत्र्याला आवरून घ्यायला वेळ मिळतो. बहुतेक प्रशिक्षक शेवटी डावा पाय उजव्याशी मिळवायला सांगतात, कारण कुत्र्याच्या डोळ्यांसमोर तोच पाय असतो. चालायला सुरुवातही डाव्या पायानेच करतात.

भिंतीचा आधार ही जुनी युक्ती आहे. कुत्रा भिंत आणि हँडलर यांच्यामध्ये आला की पुठ्ठ्यांना बाहेर जायला वाव उरत नाही. पहिले दोन-चार दिवस तिचा उपयोग होतो. पण कुत्रा भिंतीमुळे सरळ बसतो, स्वतःच्या पायांमुळे नव्हे, म्हणून मोकळ्या मैदानात बैठक पुन्हा वाकडी होते. सराव तीन ते पाच मिनिटांचा असावा. कंटाळलेला कुत्रा एका पुठ्ठ्यावर लवंडून बसतो.

पुठ्ठे दाबून बसवणे आणि पट्ट्याचा झटका देणे ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोलिसी व लष्करी शिस्तीची देणगी आहे. जर्मनीतील कॉनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये ती पद्धतशीर मांडली. कारेन प्रायर यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी क्लिकर (‘टक’ असा आवाज करणारी छोटी डबी) आणि बक्षिसाची पद्धत कुत्र्यांसाठी लोकप्रिय केली ती १९९० च्या दशकात. पुठ्ठ्यांवर दाब आला की कुत्रा त्याला विरोध करतो आणि आणखी तिरका होतो. वाढत्या पिल्लाच्या खुब्यालाही ते चांगले नाही.

ग्वाल्हेरमधील सराव

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कर भागात मराठी कुटुंबांची जुनी घरे आहेत, आणि त्यांच्या चौकांत व गच्च्यांवर वालुकाश्माची फरशी. सरावाला याहून चांगली जागा नाही. दगड खरबरीत असल्याने पाय घसरत नाहीत आणि फरशीचे सांधे म्हणजे आखून दिलेल्या रेषाच. हँडलरने बूट सांध्याला समांतर रोवायचे, म्हणजे कुत्र्याचा कणा सांध्याला समांतर आहे की नाही ते लगेच कळते. नव्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर मात्र मागचे पाय फाकतात आणि कुत्रा नाइलाजाने एका पुठ्ठ्यावर लवंडून बसतो. तिथे रबरी चटई किंवा सतरंजी हवी. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा हाच दगड संध्याकाळी उशिरापर्यंत पंजे भाजतो, म्हणून सराव उजाडताना. हाताचा पालथा पंजा काही सेकंद फरशीवर टिकत नसेल, तर कुत्र्यालाही तिथे बसवू नये.

घरातल्यांचा प्रश्न वेगळाच. आजीने पोळीचा तुकडा समोरून टाकला आणि काकांनी बिस्किट डोक्यावर धरून उडी मारायला लावली, की कुत्र्याला समोर बसणेच फायद्याचे वाटते. हुकूम ‘बस’ असेल तर जेवणाच्या पंगतीत वाढणाऱ्याला ‘बस, बस’ म्हणताना तो दहा वेळा कानावर पडतो. म्हणून बऱ्याच घरांत ‘सिट’ वापरतात. गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांपुढे सराव सुरुवातीला नकोच. बैठक आधी चौकात, मग दारात, मग रस्त्यावर, या क्रमानेच पक्की होते.

टेकनपूर आणि देशी जाती

ग्वाल्हेरहून झाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे. तिथले राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० मधले. माग काढणे, स्फोटके आणि अमली पदार्थ हुडकणे यांचे शिक्षण तिथे कुत्रा आणि हँडलर यांना जोडीने दिले जाते, आणि आज्ञापालन हा त्याचा पाया असतो. अशा कामात सरळ बैठकीला स्वतःचे मोल फारसे नाही. स्फोटकाचा वास लागला की कुत्रा वस्तूपाशी शांत बसून खूण देतो, तेव्हा तो तिरका आहे की सरळ हे कोणी पाहत नाही. संचलनाच्या रांगेत मात्र ते डोळ्यांत भरते. शिवाय आपली जागा नेमकी ठाऊक असलेला कुत्रा गर्दीत किंवा अंधारात हँडलरच्या पायांत येत नाही.

केंद्रात लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिन्वा यांच्या बरोबरीने आता मुधोळ आणि रामपूर हाउंड यांनाही शिकवले जाते. २०२४ मध्ये लखनौच्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाच्या रिया या मुधोळ हाउंडने माग काढण्यात पहिला क्रमांक आणि मेळाव्यातील सर्वोत्तम श्वानाचा मान मिळवला. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाचे नाव लागलेला हा कुत्रा महाराष्ट्रात ‘कारवान’ म्हणून ओळखला जातो. खोल छाती, लांब मांड्या आणि अंगावर चरबी जवळजवळ नाही, अशी बांधणी धावण्यासाठी असते. असे कुत्रे उभे राहतात किंवा आडवे होतात. बसणे त्यांना अवघडच वाटते. ते बसले तरी पुठ्ठे जमिनीला पुरते टेकत नाहीत. त्यांच्याकडून लॅब्राडॉरसारख्या चौकोनी बैठकीची अपेक्षा धरू नये. कणा रेषेत असला की पुरे.

आधी सरळ बसणारा कुत्रा अचानक एकाच बाजूला लवंडून बसू लागला, बसायला वेळ लावू लागला किंवा बसलेला उठताना अडखळू लागला, तर सराव थांबवून पशुवैद्याला दाखवावे. खुब्याच्या सांध्याचा विकार जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडॉर या जातींत बराच आढळतो, आणि त्याची पहिली खूण कधीकधी बैठकीतच दिसते. चार-पाच महिन्यांच्या पिल्लाचे मागचे पाय मात्र दुखणे नसतानाही सैल पडलेले असतात. स्नायू भरले की ते बरेचदा आपोआप आवरले जातात.