सुट्टीच्या वेळेत कर्मचाऱ्याने दारू पिऊन अपघात केला, तर कंपनीकडून भरपाई: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

शनिवारी रात्री अकराला ऑफिसची गाडी घेऊन निघालेला मार्केटिंगचा माणूस नशेत कुणाला तरी उडवतो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा एचआर विभाग सांगतो, ‘तो ड्युटीवर नव्हता, आमचा संबंध नाही.’ जखमीचे नातेवाईक हे ऐकून कंपनीचा नाद सोडतात आणि फक्त चालकाच्या मागे लागतात. त्याच्याकडून वसूल काय होणार? महाराष्ट्रातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ‘ड्युटी संपली होती’ एवढ्या एका वाक्यावर कंपनी सुटत नाही. पण ती अडकते कुठे आणि कधी खरोखरच सुटते, हे अर्ज लिहिण्याआधी नीट समजून घ्यायला हवे.

पहिला प्रश्न ड्युटीचा नाही, गाडी कुणाच्या नावावर आहे याचा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. गाडी विकली पण नाव बदलले नाही, तरी जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या निकालात स्पष्ट केले आहे. त्यामुळे आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) कंपनीचे नाव असेल आणि गाडी कर्मचाऱ्याकडे कंपनीनेच दिलेली असेल, तर वेळ कोणतीही असो, कंपनीला प्रतिवादी करायचेच. गाडी लीजवर असेल तर याच कलमानुसार करारान्वये ताबा ज्याच्याकडे, तो मालक ठरतो. म्हणजे आरसीवर लीजिंग कंपनीचे नाव दिसले तरी गाडी वापरणारी कंपनी बाजूला राहत नाही. अशा वेळी दोघांनाही प्रतिवादी करावे. हायपोथेकेशनच्या (गाडी तारण ठेवून घेतलेल्या कर्जाच्या) रकान्यातली बँक मात्र मालक नव्हे. तिला ओढल्याने फक्त नोटिसा वाढतात.

गाडी कर्मचाऱ्याची स्वतःची असेल, तर गणित उलटे. रविवारी मित्रांबरोबर पिऊन स्वतःच्या गाडीने घरी निघालेल्या माणसासाठी त्याची कंपनी जबाबदार नाही, आणि तिचे नाव अर्जात घालून काही मिळत नाही. अपवाद एकच: तो प्रवास पूर्णतः किंवा अंशतः कंपनीच्या कामासाठी होता हे दाखवता आले तर. रात्री क्लायंटला विमानतळावर सोडायला साहेबांनीच पाठवले, किंवा साइटवरून माल आणायला सांगितले, अशी प्रकरणे यात येतात.

या विषयातला पायाभूत निकाल आपल्याकडचाच आहे. १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याला जाणारी एका जिनिंग कंपनीची गाडी झाडावर आदळली. गाडी कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता आणि बरोबरचा प्रवासी मृत्युमुखी पडला. पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग (१९७७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले, कारण व्यवस्थापक कंपनीच्या कामासाठी गाडी नेत होता. त्याआधीचा सीताराम मोतीलाल कलाल (१९६६) हा निकाल मालकाच्या बाजूचा. तिथे मालकाने टॅक्सी चालवायला एकाला दिली, त्याने ती परस्पर दुसऱ्याच्या हाती सोपवली, आणि मालक सुटला. कंपनीचे वकील हमखास हा जुना निकाल दाखवतात. त्याला उत्तर कागदांनी द्यायचे: गाडी त्याच कर्मचाऱ्याला नेमून दिली होती, चावी रात्री त्याच्याकडेच असायची आणि कंपनीला ते ठाऊक होते.

‘त्याने न विचारता गाडी नेली’ असा बचाव आला, तर तीन गोष्टी विचारा. चावीचे रजिस्टर कुठे आहे? अपघाताआधी गाडी चोरीची तक्रार दिली होती का? यापूर्वी असा खासगी वापर झाला तेव्हा कुणाला मेमो दिला का? अपघातानंतर दाखल झालेल्या ‘विनापरवाना वापरा’च्या तक्रारीला फारसे वजन मिळत नाही.

ऑफिसच्या पार्टीचे काय? कंपनीने पार्टी दिली, दारू पाजली, आणि कर्मचारी स्वतःच्या गाडीने निघाला. पाजणाऱ्याला मालक ठरवणारे कलम मोटार वाहन कायद्यात नाही. मात्र कलम १८८ विसरू नका: दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला चिथावणी किंवा साहाय्य देणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. झिंगलेल्या माणसाच्या हातात जाणूनबुजून चावी देणारा मॅनेजर त्यात येऊ शकतो. तो फौजदारी भाग, दाव्यापेक्षा वेगळा.

दारूमुळे पीडिताची भरपाई कमी होत नाही, फक्त पैसे शेवटी कुणाच्या खिशातून जातात ते बदलते

कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १५० मध्ये दारूच्या अमलाखाली गाडी चालवणे हा विमा कंपनीचा बचाव म्हणून आला. पण तो पॉलिसीतल्या अटीवर उभा आहे. म्हणून फक्त कव्हर नोटवर (विम्याच्या तात्पुरत्या कागदावर) न थांबता पूर्ण पॉलिसी अटींसह मागवा आणि दारूची अट थर्ड पार्टी (इतरांच्या नुकसानीच्या) भागात आहे की फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात, हे वाचा. बहुतेक गोंधळ इथेच होतो. अट मोडल्याचे सिद्ध झाले, तरी न्यायाधिकरणे अनेकदा ‘आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतात. स्वर्ण सिंग (२००४) निकालापासून ही वाट रुळलेली आहे. म्हणजे पैसे विमा कंपनीकडून तुम्हाला, आणि तीच रक्कम वसूल करायला ती मालक कंपनीच्या दारात. मालक कंपनी म्हणूनच जीव तोडून लढते.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी कंपनीने दावा केला तर चित्र वेगळे. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस (२०२१) मध्ये कंपनीच्या पोर्शे गाडीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. श्वास किंवा रक्ताच्या चाचणीचा आकडा नव्हता, तरी परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा मानला. हा निकाल पीडिताच्याही कामाचा आहे: ‘रक्त तपासलेच नाही’ म्हणून नशा सिद्ध होत नाही, असे नव्हे.

गाडीत बसलेला सहकारी जखमी झाला असेल, तर खासगी कारची पॉलिसी पॅकेज (थर्ड पार्टीसोबत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही विमा) आहे का ते आधी बघा. बालकृष्णन (२०१३) निकालानुसार पॅकेज पॉलिसीत आतला प्रवासीही येतो, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत नाही. चालक प्यायला आहे हे माहीत असून बसलात, असा मुद्दा समोरून येणार हेही धरून चाला.

अर्ज कोण, कुठे, कधी

कलम १६६ खाली जखमी व्यक्ती, मृताचे कायदेशीर प्रतिनिधी, ज्यांच्या मालमत्तेचे नुकसान झाले ते, किंवा त्यांनी नेमलेला प्रतिनिधी अर्ज करू शकतो. मृत्यूच्या दाव्यात सगळ्या वारसांची नावे हवीत. एखाद्याने सही दिली नाही, तर त्याला प्रतिवादी म्हणून सामील करा, गाळू नका. अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या, स्वतःच्या राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणच्या, किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. अपघात पुणे-सोलापूर रस्त्यावर झाला आणि कुटुंब लातूरला असेल, तर लातूरला अर्ज करा. तारखांचे हेलपाटे वाचतील.

मुदत सहा महिने, अपघाताच्या दिवसापासून. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या मुदतीला आव्हान देणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश दिला, की केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत. तो अंतरिम आहे, त्यावर विसंबून फाईल कपाटात ठेवू नका.

पोलिसांकडून येणारे कागद आता आपोआप तयार व्हायला हवेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल (नमुना १), ५० दिवसांत अंतरिम अहवाल (नमुना ५) आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल (नमुना ७) न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. चालक नमुना ३ आणि मालक नमुना ४ भरतो. मालक कंपनीने पोलिसांसमोर काय लिहून दिले, ते नमुना ४ मध्ये सापडते. लेखी जबाबात तीच कंपनी वेगळे बोलली, तर उलटतपासणीला तो कागद सोन्यासारखा. सविस्तर अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो, पण तो वेळेत येईल या भरवशावर बसण्यापेक्षा स्वतःचा अर्ज द्यावा. दोन्ही असले तर न्यायाधिकरण एकत्र चालवते.

कागदपत्रे

एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मृत्यू असेल तर इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम अहवाल, जखमी असेल तर डिस्चार्ज कार्ड, बिले आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र, अर्जदारांचे आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक: हे नेहमीचे. उत्पन्नासाठी पगारपत्रक, फॉर्म १६, आयकर विवरण, शेतकऱ्यासाठी सातबारा.

वेगळे कागद कंपनीसाठी लागतात. आरटीओकडून आरसीचा उतारा घ्या. गाडीची माहिती दाखवणाऱ्या अॅपवर मालकाचे नाव अर्धे लपवलेले असते आणि ‘प्रायव्हेट लिमिटेड’ की ‘एलएलपी’ हे कळत नाही. नाव चुकले की नोटीस परत येते आणि दोन-तीन तारखा जातात. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघून तोच लिहा. अपघातस्थळाजवळच्या शाखेचा लिहू नका. विमा कंपनी कळत नसेल, तर इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरवरून शोधता येते.

दारूच्या पुराव्यासाठी रक्ताच्या नमुन्याचा सी.ए. (रासायनिक विश्लेषक) रिपोर्ट हवा. नमुना घेतल्याची वेळ तपासा. अपघात रात्री साडेअकराचा आणि नमुना पहाटे पाचचा असेल, तर आकडा कमी येणारच. मग वैद्यकीय तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलेला वास, चालण्यातला तोल, बोलणे, बारचे बिल, साक्षीदार यांना महत्त्व येते.

प्रवास कंपनीच्या कामाचा होता हे दाखवायचे, तर फास्टॅगचे स्टेटमेंट, फ्युएल कार्डचा हिशेब, गाडीचा जीपीएस, हजेरीचे बायोमेट्रिक, व्हॉट्सअॅपवरच्या सूचना. जीपीएस आणि सीसीटीव्हीचा डेटा काही आठवड्यांतच पुसला जातो. म्हणून अर्ज तयार होण्याची वाट न पाहता कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र द्या: गाडी क्रमांक, तारीख, वेळ, आणि ‘हा डेटा जपून ठेवावा’. पुढे कलम १६९ खाली न्यायाधिकरणाकडे दस्तऐवज हजर करवण्याचा अर्ज करता येतो. दिवाणी न्यायालयाचे हे अधिकार त्याला आहेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र जोडा. ते नसल्यामुळे चांगला पुरावा बाजूला पडताना नेहमी दिसतो.

रक्कम मांडताना

सूत्र सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांचे. मृताचे वय ३४, कायम नोकरी, महिना २०,०००, अवलंबून असलेले चौघे. भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के मिळवून ३०,०००. स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, २२,५००. वर्षाचे २,७०,०००. या वयाला गुणक (वयानुसार ठरलेला, वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा) १६, म्हणजे ४३,२०,०००. त्यावर अंत्यसंस्कार व इस्टेटच्या नुकसानीचे प्रत्येकी १५,००० आणि सहवासाच्या नुकसानीचे ४०,००० हे मूळ आकडे, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढीसह. स्वयंरोजगारात ४० वर्षांखाली वाढ ४० टक्के धरतात. अर्जात आकडा कमी टाकला गेला, तरी न्यायाधिकरण त्याहून जास्त देऊ शकते. अगदीच निष्काळजीपणा सिद्ध करणे जमणार नसेल, तर कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, पण मग कलम १६६ चा दावा सोडावा लागतो. कंपनीच्या गाडीच्या प्रकरणात ही घाई सहसा तोट्याची.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग अर्जदार यांना उत्पन्नाची मर्यादा न पाहता वकील मिळतो.

निकालानंतर

कलम १७३ खाली उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येते. कंपनीला किंवा विमा कंपनीला अपील करायचे असेल, तर आधी २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या रकमेचे ५० टक्के, यापैकी कमी ती रक्कम भरावी लागते. अपील झाले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, त्यासाठी स्थगिती लागते. स्थगिती नसेल आणि पैसे आले नाहीत, तर कलम १७४ खाली वसुली प्रमाणपत्र मागा. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. अर्जात कंपनीचे नाव आणि पत्ता अचूक असेल, तरच तहसीलदाराची नोटीस योग्य दारात पोहोचते.